धामणीची खुर्ची

“चार पाय देल्ले हायेत, चारीवर बसा!”

हरबाजी मिस्त्रींचं हे वाक्य वाशीमच्या आमच्या वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी खाल्लेलं होतं. कुणी खुर्चीचे पुढचे दोन पाय उचलून मागे झुलायला लागला की हरबाजी असतील तिथून हे वाक्य सोडायचे. समोर शाळेतला पोरगा आहे की वाचनालयाचे अध्यक्ष दाजीसाहेब वकील, याचा मुलाहिजा नाही. दाजीसाहेबांना तर झुलल्याशिवाय विचारच सुचत नसत. ते “हो हो, मिस्त्री” म्हणून खुर्ची खाली टेकवायचे, आणि हरबाजींची पाठ फिरली की पुन्हा झुलायला लागायचे. देहाने दाजीसाहेब दोन माणसांच्या जागी एक होते. त्यांच्याखालची खुर्ची कुरकुरली की हरबाजींचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा.

मी त्या वाचनालयाचा ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणं-घेणं, झाडणं, दिव्याची काच पुसणं आणि अध्यक्षांची पत्रं लिहिणं. हरबाजी सुतार. ते वाचनालयाचे नोकर नव्हते, त्यांना अक्षरओळखही नव्हती. पण दर सोमवारी, वाचनालय बंद असताना, ते यायचे आणि चोवीस खुर्च्यांचे स्क्रू एकेक करून आवळायचे. पेचकस कडदोऱ्याला बांधलेला असायचा. आवळून झालं की बोटाच्या पेराने पाठीच्या कमानीवर टकटक करायचे, कान लावायचे आणि पुढच्या खुर्चीकडे सरकायचे. स्वतः मात्र खुर्चीवर कधी टेकले नाहीत. उकिडवेच बसायचे. मी एकदा म्हटलं, “मिस्त्री, बसून तर पाहा.” तर म्हणाले, “हलवाई आपली जिलबी खाते काय, मास्तर?” मी पुस्तकांतला माणूस म्हणून ते मला मास्तर म्हणायचे.

त्यांचं आणि त्या खुर्च्यांचं जमलं ते पहिल्याच दिवशी. वर्गणी जमवून समितीने मुंबईहून विलायती खुर्च्या मागवल्या होत्या. चोवीस खुर्च्यांसाठी रेल्वेच्या दोन वाघिणी लागतील, असा सगळ्यांचा अंदाज. आलं एक खोकं. माणसाच्या छातीएवढं. झाकण उघडायला हरबाजींना बोलावलं. आत पाहतो तो वाकड्या काठ्या, लाकडी कडी आणि कागदात बांधलेले स्क्रू. दाजीसाहेबांचा पारा चढला. “मोडक्या खुर्च्या पाठवल्या हरामखोरांनी!” म्हणाले आणि तिथल्या तिथे मला पत्र सांगायला बसले. मी लिहू लागलो. विश्वासघात, फसवणूक, कोर्टाची पायरी, असे एकेक शब्द येत होते. कोपऱ्यात हरबाजी काठ्यांकडे काठ्या आणि कड्यांकडे कडी लावून ढीग करत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पत्र तिसऱ्या परिच्छेदावर पोचलं तेव्हा दाजीसाहेबांच्या शेजारी एक आख्खी खुर्ची उभी होती.

सहा तुकडे आणि दहा स्क्रू, एवढीच ती खुर्ची. मागचे दोन पाय आणि पाठीची कमान मिळून एकच काठी, जमिनीपासून निघून डोक्यावरून वळून पुन्हा जमिनीला येणारी. आतल्या बाजूला दुसरी लहान कमान. वेताने विणलेली गोल बैठक. पुढचे दोन पाय, आणि पायांना धरणारं एक कडं. नक्षी नाही, वेलबुट्टी नाही, सिंहाचे पंजे नाहीत. समितीतल्या एकदोघांना ती दरिद्रीच वाटली. हरबाजी मात्र तिच्यापुढे उकिडवे बसून कमानीवरून बोट फिरवत राहिले.

“मास्तर, एक बी सांधा नाही.”

“मग?”

“मंग हे वाकलं कसं? आमाले वाकडं पायजे असलं तं आमी वाकडं कापतो. रेषा तुटते, तिथं लाकूड मोडते. ह्याची रेष पाहा, काठीसंगं वळून राह्यली. ह्यानं सरळ लाकूड वाकवलं बाप्पा!”

हा प्रश्न त्या दिवशी त्यांच्या डोक्यात शिरला तो निघाला नाही. पोस्टमास्तर, इंजिनखान्यातला फिटर, बदलून आलेले ओव्हरसियर, जो भेटेल त्याला ते विचारायचे, “लाकूड वाकवते कसं, सांगता काय?” कुणालाच सांगता आलं नाही. मी पुस्तकं धुंडाळली, मलाही नाही. चोवीस खुर्च्यांच्या राज्यात राहून त्यांची विद्या आपल्याला येत नाही, हे त्या माणसाला खात होतं.

एकदा कुणीतरी दिलेल्या इंग्रजी मासिकांच्या गठ्ठ्यात मला युरोपातल्या एका नव्या घराचं चित्र सापडलं. पांढऱ्या सपाट भिंती, सपाट गच्ची, आडवी लांबलचक खिडकी. खोलीत जवळपास काहीच नाही, आणि खिडकीपाशी आमचीच खुर्ची! लेखात लिहिलं होतं, की आता शोभेचे दिवस गेले, वस्तूने आपल्या कामापुरतं असावं, आणि हजारोंना सारखीच मिळावी. दाजीसाहेब चित्र पाहून म्हणाले, “हे घर आहे की सरकीचं गोदाम?” सगळे हसले. मी ते चित्र सोमवारी हरबाजींना दाखवलं. त्यांनी उलटसुलट धरून बराच वेळ पाहिलं.

“ह्या घरवाल्यानं पैले खुर्ची पाह्यली असन,” ते म्हणाले. “मंग तिच्याकडं पाहू पाहू घर बांधलं. नाईतं असं घर सुचतच नाही माणसाले.”

पुढे कितीतरी वर्षांनी मी मोठमोठ्या विद्वानांचं या विषयावरचं लिखाण वाचलं. त्यात याहून जास्त काही निघालं नाही.

तर अशा या खुर्च्या वाचनालयाच्या उंबऱ्याबाहेर जायच्या नाहीत, असा समितीचा ठराव होता. तो मोडला मी. मोडायला लावला हरबाजींनी.

त्यांची एकुलती लेक गंगा केनवडला दिलेली. व्याही संपतजी गाडेसुतार, त्यांनी केलेली बैलगाडीची चाकं अख्ख्या रिसोड भागात चालायची, आणि त्याचा ताठा त्यांना होता. गंगाला पहिल्यांदाच दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण संपतजी मानापानाचे मोठे. लग्नानंतर दोन वर्षं त्यांनी पोरीला सणालासुद्धा पाठवलं नव्हतं. आता त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं, तेही केनवडलाच, आणि त्यांनी निरोप धाडला: वरपक्षाला बसायला वाचनालयाच्या बारा खुर्च्या पाहिजेत. खुर्च्या आल्या तर गंगा बाळंतपणाला येईल, नाहीतर आमचं घर काही पडकं नाही.

हरबाजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. जो माणूस वकिलाला दटावायचा तो जमिनीकडे पाहून म्हणाला, “मास्तर, तिची माय असती तं मी अडलो नसतो. मले पोरगी आणू द्या.”

वैशाखात वाचनालय चुना मारायला चार दिवस बंद राहणार होतं. मी किल्ली दिली. समितीला कळलं असतं तर माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती, आणि घरी माझ्या पगारावर आई आणि दोन बहिणी होत्या. शिवाय तिकडे लढाई जुंपलेली, मुंबईच्या व्यापाऱ्याने विलायती माल बंद झाल्याचं कळवलं होतं. एक खुर्ची गेली तर दुसरी मिळणार नव्हती. हे सगळं मला ठाऊक होतं.

खुर्च्या संपतजींच्या गाडीतून पुढे गेल्या. आम्ही दोघं मिळेल त्या वाहनाने मागून निघालो आणि लग्नाच्या दिवशी सकाळी केनवडला पोचलो. मांडवात खुर्च्या नव्हत्या.

“व्याही कुठी?” हरबाजींनी विचारलं.

“नाल्यावर गेले, खुर्च्या आणाले.”

हरबाजी पळतच सुटले. मी मागून. गावाखालच्या नाल्यात एक डोह होता. वैशाखात गाडीची चाकं वाळून ढिली होतात, लोखंडी धाव निसटायला लागते, तेव्हा गावोगाव चाकं रात्रभर पाण्यात टाकतात. लाकूड फुगतं, चाक पुन्हा घट्ट होतं. केनवडची चाकं या डोहात पडत. आता त्या डोहात आमच्या खुर्च्या होत्या. तरंगू नयेत म्हणून प्रत्येकीच्या बैठकीवर एकेक धोंडा ठेवलेला. पाण्यातून फक्त आठ कमानी वर दिसत होत्या, बाकीच्या चार खुर्च्या काढून काठावर उन्हात वाळत घातल्या होत्या.

संपतजी कमरेइतक्या पाण्यात उभे होते. अगदी खुशीत.

“या व्याहीबुवा! तुमच्या विलायती खुर्च्या गाडीत पार खुळखुळा झाल्या होत्या. म्हटलं, व्याह्याची अब्रू ते आपली अब्रू. रातभर पाण्यात ठेवल्या. आता पाहा, चाकावानी कडक!”

चाकाभोवती लोखंडी धाव असते. लाकूड फुगलं तरी जायला जागा नसते म्हणून चाक घट्ट होतं. या खुर्च्यांभोवती काहीच नव्हतं. वाकवलेल्या लाकडाला पाणी लागलं की ते आपला मूळचा सरळपणा आठवतं. कमानी फाकल्या होत्या, कड्यांच्या तोंडांचे सरसाने जोडलेले सांधे उकलत होते, पॉलिशवर बुरशीसारखा पांढरा रंग आला होता. मी हरबाजींकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, मान ताठ झाली. आता हा माणूस ओरडणार, आणि ओरडावं, असंच मला वाटलं.

तेवढ्यात काठावरच्या एका खुर्चीतून काडकन आवाज झाला. उन्हाने कमान वळणावरच तडकली होती.

त्या खुर्चीपलीकडे गंगा उभी होती. कमरेवर घागर, पोट पुढे आलेलं. ती खुर्चीकडे पाहत नव्हती, बापाच्या तोंडाकडे पाहत होती.

हरबाजींनी धोतर वर खोचलं. मग पाण्यात उतरले, व्याह्यांचा हात धरला आणि म्हणाले, “लय मेहनत घेतली तुमी, व्याहीबुवा. बेस केलं.” आणि अगदी सहज सांगावं तसं, “उन्हात नोका ठेवू, पॉलिश जाईन. सावलीत घ्या.”

लग्न लागलं. वरपक्षाची मंडळी ओल्या खुर्च्यांवर मानाने बसली आणि उठली तेव्हा प्रत्येकाच्या धोतरावर मागे पॉलिशचं तांबडं कडं उमटलेलं होतं. एरवी मी पोट धरून हसलो असतो. तडकलेल्या खुर्चीवर कुणी बसू नये म्हणून हरबाजी दिवसभर तिच्यावर हात ठेवून उभे होते. लोकांना वाटलं, व्याही अदबीने उभा आहे. संपतजींना ते फार आवडलं. निघताना ते म्हणाले, “पोरीले आषाढात धाडतो.”

परतीच्या वाटेवर, खुर्च्यांच्या गाडीमागून चालताना, हरबाजी मालेगाव येईपर्यंत सैल होणाऱ्या दोऱ्या आवळत राहिले. मग म्हणाले, “त्याची चूक नाही, मास्तर. ढिलं लाकूड पाण्यात टाकाचं, हे त्याले बापानं शिकवलं. म्या सांगाले पायजे होतं. मले वाटलं, सुतार हाये, त्याले काय सांगाचं.”

समितीची वार्षिक सभा बारा दिवसांवर होती. बारा खुर्च्या पॉलिशला दिल्या आहेत, असं मी विचारणाऱ्यांना सांगत होतो. अकरा खुर्च्यांना हरबाजींनी ओल्या पोत्यांत गुंडाळलं, काथ्याने करकचून मूळ आकारात बांधलं आणि आपल्या छपरीत अंधारात हळूहळू वाळू दिलं. त्या पूर्वीसारख्या झाल्या. बारावीची कमान गेली ती गेलीच. आणि जो प्रश्न त्यांनी गावभर विचारला होता तो आता त्यांनाच सोडवायचा होता.

जंगलातून आलेल्या धामणीच्या ओल्या काठ्या त्यांनी निवडल्या. धामणीचं लाकूड लवचिक, कावडीच्या दांड्याला वापरतात. पत्र्याचा एक जुना नळ, त्याच्या एका तोंडाशी झाकलेल्या कढईत उकळतं पाणी, दुसरं तोंड पोत्याने बंद. आत काठी. काठी वाफेवर मऊ व्हायची, मग ती झटपट काढून लाकडी साच्याभोवती वाकवायची. माझं काम कढईखाली कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या सारणं. वैशाखातल्या भर दुपारी. पहिली काठी अर्ध्यात फाटली. दुसरीही. तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी बाहेरच्या अंगाने, वळणाच्या पाठीवर सालपट उभं राहायचं. सभा चार दिवसांवर आली तेव्हा त्यांच्याकडे दोन काठ्या उरल्या होत्या.

“आता सांगून टाकू समितीला,” मी म्हटलं. “दोघं मिळून सांगू.”

“अन् गंगी?” ते म्हणाले. “त्याहिनं व्याह्याले बोलावलं, जबाब घेतला, तं? तो अपमान गिळन काय तो?”

समोरच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठींची एक गाडी स्टेशनकडे चालली होती. हरबाजी तिच्याकडे पाहत बसले होते. गाडी वळेपर्यंत पाहिलं, मग उठले आणि काही न सांगता जिनिंगच्या कारखान्याकडे गेले. येताना हातात गाठी बांधायची लोखंडी पट्टी होती.

त्यांनी ती पट्टी काठीच्या पाठीवर, दोन्ही टोकांना पक्की आवळून बसवली. “लाकूड बाहेरून लांबू पाह्यते, म्हून फाटते,” ते म्हणाले. “पट्टी त्याले लांबू देत नाही. मंग ते आतल्या आत दबते.” काठी वाफेतून काढली, साच्याला लावली आणि दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून, पण हळू, इतकं हळू वळवली की मी पऱ्हाट्या सारायच्या विसरलो. वाफेने त्यांचे पंजे भाजत होते. काठी कुरकुरली, थांबली, पुन्हा वळली, आणि दोन्ही टोकं जमिनीकडे आली. पट्टीखालून एक तंतू उठला नाही.

हरबाजी रडले. अगदी लहान पोरासारखे, भाजलेले हात पुढे धरून.

लाकडाबाहेर पोलादाची पट्टी बांधायची, हीच त्या विलायती कारागिराचीही युक्ती होती, हे मी खूप नंतर वाचलं.

सभेच्या दिवशी बाराही खुर्च्या वाचनालयात परत आल्या होत्या. लाखेत काजळी मिसळून रंग मिळवला होता. धामणीची खुर्ची हरबाजींनी मागे, कपाटाशेजारी ठेवली होती. तिथे कुणी बसत नाही. दाजीसाहेब उशिरा आले, घामाघूम झालेले, आणि म्हणाले, “इथे वारा लागतोय बुवा.” कपाटाशेजारी खिडकी होती. त्यांनी धामणीची खुर्ची ओढली, तिच्यावर देह टाकला, आणि विषयपत्रिकेचा पहिला विषय सुरू व्हायच्या आत पुढचे दोन पाय उचलून झुलायला लागले.

खुर्ची कुरकुरली. माझ्या हातातला टाक इतिवृत्तावर टेकून राहिला, तिथे शाईचा डाग पडला. हरबाजी दाराशी उकिडवे बसलेले. मी त्यांच्याकडे पाहिलं. नेहमीचं वाक्य आलं नाही. त्यांचे डोळे कमानीच्या वळणावर होते, बरोबर जिथे आधीची फुटली होती तिथे. दाजीसाहेब बोलत होते, झुलत होते, दुसरा विषय, तिसरा विषय. मध्येच कुणीतरी म्हणालं, लढाईमुळे आता असल्या खुर्च्या यायच्या नाहीत.

“कशा येतील!” दाजीसाहेब आणखी मागे गेले आणि कमानीवर थाप मारून म्हणाले, “याला म्हणतात काम. एवढी वर्षं झुलतोय, हूं नाही की चूं नाही. आपल्याकडच्या सुताराला द्या, जू करून आणील बैलाचं!”

सगळे हसले. हरबाजीही हसले.

मी बोलायला हवं होतं. ही खुर्ची त्या दारात बसलेल्या माणसाने केली आहे, एवढं एक वाक्य. पण त्याच्यामागे किल्ली होती, केनवड होतं, गंगा होती, आणि खरं सांगायचं तर माझी नोकरी होती. मी खाली मान घालून डाग टिपला. त्या भेकडपणाची लाज मला आजही आहे.

सभा संपल्यावर मी म्हटलं, “मिस्त्री, आज तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत.”

“कायले बोलू?” त्यांच्या डोळ्यांत एक वेगळंच पाणी होतं. “आज पैल्यांदा मनात म्हटलं, रेल बापा, अजून रेल.”

गंगा आषाढात आली. मुलगी झाली. पाळण्याची कमान धामणीची होती, एका काठीची.

त्यानंतर तीनएक वर्षांनी मला अकोल्याला नोकरी लागली. शेवटच्या दिवशी मी हरबाजींना म्हटलं, “आता मला कुणाची भीती नाही. दाजीसाहेबांना सांगून जातो, खुर्ची कुणाची ते.”

“नोका सांगू. ते मंग त्या खुर्चीवर बसाचे नाही.”

निघालो तो सोमवार होता. वाचनालय बंद, किल्ली हरबाजींकडे. स्टेशनवर पोचल्यावर आठवलं, छत्री कपाटामागे राहिली. गाडीला वेळ होता म्हणून परत आलो. दार आतून लोटलेलं होतं. हाक मारायच्या आधी सहज खिडकीतून पाहिलं.

तेवीस खुर्च्या रांगेत होत्या. चोविसावी, कपाटाशेजारची, मधोमध ओढलेली. तिच्यावर हरबाजी बसले होते, पेचकस मांडीवर, हात डोक्यामागे. टाचा जमिनीवरून सुटलेल्या, खुर्चीचे पुढचे पाय हवेत. डोळे मिटून ते मागे झुलत होते, पुढे येत होते, पुन्हा मागे, आणखी थोडे मागे.

त्यांचंच वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी तसंच ठेवलं आणि पाय न वाजवता स्टेशनची वाट धरली. छत्री तिथेच राहिली.